संविधान चौकाच्या आधीची गोष्ट

नागपुरात ऑटोवाल्याला ‘संविधान चौक’ सांगितलं तर तो एकदा खात्री करून घेतो, "आरबीआय चौकच नं?" रिझर्व्ह बँकेसमोरचा, बाबासाहेबांच्या पुतळ्याचा हा चौक. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, इथं उद्देशिका वाचली जाते, एरवी धरणं आणि निदर्शनं चालू असतात. संविधानासाठी काम करणाऱ्या संघटना आज इथं दिसतात, पण त्या कामाचा जुना पत्ता सिव्हिल लाइन्सचा. हायकोर्टाचा.

नागपूर हायकोर्ट १९३६ चं. ‘भारत छोडो’च्या धरपकडीत भारत संरक्षण नियमांखाली माणसं खटल्याविना डांबली गेली, तेव्हा हेबियस कॉर्पसचे अर्ज याच कोर्टात आले. हेबियस कॉर्पस म्हणजे साधी मागणी: माणसाला कोर्टापुढं आणा आणि कोणत्या कायद्यानं धरलं ते सांगा. प्रभाकर केशव तारे प्रकरणात कोर्टानं मान्य केलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९१ मधला हा हक्क युद्धकाळातल्या कायद्यानं संपलेला नाही. त्या निकालाशी न्या. व्हिव्हियन बोस यांचं नाव जोडलेलं आहे. बोस घराणं नागपूरचंच म्हणायचं. आजोबा सर बिपिनकृष्ण बोस नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि व्हिव्हियन बोस स्वतः इथल्या लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. संविधान यायला तेव्हा अजून सात-आठ वर्षं होती. मूलभूत हक्क नावाची गोष्ट कायद्यात नव्हती, आणि तरी सरकारला जाब विचारता आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली. राजधानी गेली, हायकोर्टाचं खंडपीठ झालं. १९५३ च्या नागपूर करारामुळे पुढं विधिमंडळाचं एक अधिवेशन तेवढं पदरात पडलं. त्या हिवाळी अधिवेशनाचा पुढं संबंध येणार आहे.

खरी कसोटी लागली १९७५ ला. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली आणि दोनच दिवसांत राष्ट्रपतींच्या आदेशानं कलम १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतलं संरक्षण) यांसाठी कोर्टात दाद मागणं बंद झालं. ‘मिसा’ म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करू देणारा अंतर्गत सुरक्षा कायदा. त्याखाली धरलेल्यांना आपल्याकडं अजूनही मिसाबंदी म्हणतात. त्यांचे अर्ज ठिकठिकाणच्या हायकोर्टांत गेले. सरकार म्हणत होतं की असे अर्ज चालूच शकत नाहीत. ज्या हायकोर्टांनी हे ऐकलं नाही, त्यांत मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठही होतं. सरकार अपिलात गेलं. तेच ते एडीएम जबलपूर प्रकरण. नाव जबलपूरचं, पण त्या गठ्ठ्यात नागपूरचे कागदही होते. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं सरकारची बाजू उचलली. एकटे न्या. एच. आर. खन्ना वेगळे राहिले. ज्येष्ठता डावलून त्यांचं सरन्यायाधीशपद हुकवलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल सुप्रीम कोर्टानं स्वतःच चुकीचा ठरवला, तोही २०१७ साली.

नागरी हक्कांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या याच काळात. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकारानं ऑक्टोबर १९७६ मध्ये पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) निघाली. तिचे अध्यक्ष व्ही. एम. तारकुंडे सासवडचे, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायाधीश. मग १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. त्यानंतर आणीबाणीतसुद्धा कलम २० (शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ बाजूला ठेवता येत नाही.

कोर्टाबाहेरचा धागा बराच उशिरा आला, आणि तो सरकारी कचेरीतून आला. २००५ मध्ये नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांमधून उद्देशिकेचं वाचन सुरू केलं आणि २६ नोव्हेंबर साजरा केला. केंद्र सरकारनं संविधान दिन जाहीर केला तो २०१५ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. खोब्रागडे यांनी पुढं संविधान फाउंडेशनच्या माध्यमातून हे काम चालू ठेवलं. उद्देशिका पाठ होते, कलम २२ मात्र कुणी पाठ करत नाही, ही माझी जुनी कुरकुर. अटक झाल्यावर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं नेलं पाहिजे, हे त्याच कलमात आहे.

आता त्या हिवाळी अधिवेशनाकडं. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक नागपुरातच मांडलं गेलं. रोख शहरी माओवादावर असल्याचं सरकारचं म्हणणं. संघटनांचा आक्षेप असा की ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की साधा मोर्चाही तिच्यात बसेल. विधेयक संयुक्त समितीकडं गेलं. बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, काही बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. संघटना बेकायदा ठरवायची अधिसूचना सरकार काढणार, ती सल्लागार मंडळापुढं जाणार. त्यानंतर दाद मागायची ती हायकोर्टात, म्हणजे विदर्भापुरतं बोलायचं तर पुन्हा सिव्हिल लाइन्सला.