तजहीब आणि तसवीर: एकाच पानावरची दोन कामे

निजामी गंजवीच्या ‘खम्सा’चे, म्हणजे खुसरो-शिरीन आणि लैला-मजनू ज्यात आहेत त्या पाच काव्यांच्या संचाचे, जुने इराणी हस्तलिखित पाहताना आपण सगळ्याच रंगकामाला सरसकट लघुचित्र म्हणतो. खरे तर त्यात दोन वेगळ्या कला आहेत: तजहीब म्हणजे सोन्याचे आणि निळाईचे नक्षीकाम, आणि तसवीर म्हणजे प्रसंगचित्र. आपली ‘तसबीर’ या दुसरीचीच. ‘तजहीब’ हा शब्द अरबी ‘जहब’वरून, म्हणजे सोन्यावरून, आला.

सोने दिसले की तजहीब, हा ठोकताळा मात्र फसतो. तसवीरीतही दिवसाचे आकाश पुष्कळदा सोन्याचे असते आणि पाणी चांदीचे. फरक ओळखायचा तो कामावरून. तजहीब पुस्तकाची रचना दाखवते: आरंभीचे सूर्यासारखे वर्तुळ म्हणजे शम्सा, काव्याच्या पहिल्या पानावरचा नक्षीदार माथा म्हणजे सरलौह, मजकुराभोवतीच्या रंगीत रेघा म्हणजे जदवल. फारसीचे अक्षर न येणाऱ्यालाही नवे काव्य कुठे सुरू झाले ते सरलौह पाहून कळते. तसवीर मात्र ठरावीक बेतांना, म्हणजे दोन चरणांच्या द्विपदींना, बांधलेली असते. शिरीन झऱ्यात न्हाते आहे आणि खुसरो तिला प्रथमच पाहतो आहे, ते चित्र त्याच ओळींजवळ यायला हवे.

हे जुळवण्याची जबाबदारी खुशनवीसाची, म्हणजे सुलेखनकाराची, कारण मजकूर आधी लिहिला जाई. कागदाला खळ लावून तो अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा, ताणलेल्या दोऱ्यांवर दाबून त्यावर रेघा उठवायच्या, मग बोरूने नस्तालीक या वळणदार फारसी लिपीशैलीत लिहायचे. बहुधा चार रकाने असतात, म्हणजे एका आडव्या ओळीत दोन बेत. चित्राची जागा येण्याआधी मजकूर संपत आला, तर काही बेत तिरपे लिहून तो लांबवायचा. म्हणून तिरप्या ओळी दिसल्या की पुढचे पान उलटून पाहावे. तिथे चित्र असण्याची शक्यता मोठी.

तजहीबीचे सोने वर्खापासून करतात. वर्ख डिंकाच्या पाण्यात किंवा मधात बोटाने तासन्‌तास घोटायचा, मग पाण्याने धुऊन सोने तळाशी बसू द्यायचे आणि वरचे पाणी ओतून टाकायचे. घोटणे कमी पडले तर सोने रवाळ राहते. डिंक नीट धुतला गेला नाही तर ते मंद दिसते. नक्षी सममित असल्यामुळे बहुतेक वेळा तिचा अर्धा किंवा पाव भागच काढायचा, त्याला सुईने भोके पाडायची आणि कोळशाची पूड झटकून पानावर खाका उतरवायचा. आधी सोने भरून अकीकाने घासायचे, मग शाईची बारीक बाह्यरेघ, मग लाजवर्दची, म्हणजे त्या निळ्या दगडाच्या रंगाची, पार्श्वभूमी, आणि शेवटी कडेबाहेर जाणारे निळे किरण. हा क्रम उलटला तर अकीक ओल्या-कोरड्या रंगावरून फिरतो आणि निळाई सोन्यात ओढली जाते.

तसवीरीत सममिती नसते. तिथे आकाश, जमीन, इमारती हे मोठे भाग आधी भरतात, मग कपडे, आणि चेहरे बहुधा अखेरीस. खाका मात्र इथेही वापरत, म्हणून एकच बसलेली आकृती दोन हस्तलिखितांत भेटली तर नवल नको.

सगळ्यांत गोंधळ होतो तो समासाबाबत. इराणचा सफवी बादशहा शाह तहमास्प याच्यासाठी १५३९ ते १५४३ मध्ये इराणातल्या तब्रीझला झालेला खम्सा आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लेखन शाह महमूद निशापुरीचे. त्याच्या समासांत सोन्याने काढलेले प्राणी आणि झाडे आहेत. प्राणी आहेत म्हणून ती तसवीर नव्हे, आणि सोने आहे म्हणून नेमकी तजहीबही नव्हे. या रेखाकामाला ‘तशईर’ असे स्वतंत्र नाव आहे. याच ग्रंथात साखळदंडातला मजनू रंगवणारा मीर सय्यद अली पुढे हुमायूनच्या पदरी आला, म्हणून हिंदुस्थानी चित्रकलेचा एक धागा थेट या पानांपर्यंत पोचतो.

दोन्ही कामे बिघडतात तीही वेगळ्या जागी. तसवीरीतली चांदी काळवंडते, त्यामुळे अनेक हस्तलिखितांत शिरीनचा झरा आज करडा-काळा दिसतो. तो रंग मूळचा समजू नये. जदवलीत मात्र तांब्याचा गंज, म्हणजे जंगाल, हिरव्या रेघेसाठी वापरलेला असतो. तो कागद खातो. काही कारागीर त्यात केशर मिसळत, त्याने हा परिणाम काहीसा आवरत असे. जिथे तसे झाले नाही तिथे हिरवी रेघ आधी तपकिरी पडते, मग तिच्या बरोबर कडेने पान फाटते आणि मजकुराचा चौकोन समासातून सुटून हातात येतो. असे हस्तलिखित उघडताना पान समासाला धरून उचलू नये. खालून पूर्ण आधार देऊनच उलटावे.