सिनेमातली जीप आणि आपलं उद्यमनगर

वाळूच्या रंगाची बॉडी, बॉनेटवर आणि बाजूनं तिरके लाल पट्टे, दारावर डायनासोरच्या सांगाड्याचा लोगो आणि 18 नाहीतर 29 नंबर, अशी जीप कोल्हापूरच्या दसरा चौकातनं गेली की शेंबडं पोरगंसुद्धा सांगतंय की ही ज्युरासिक पार्कची गाडी. गेल्या काही वर्षांत हे थीमचं वेड लय वाढलंय आणि लोकांना वाटतं की हे सगळं नवी थार आणि रील्स आल्यावर चालू झालं. मला ते अजिबात पटत नाही. कोल्हापुरात ह्याची मुळं फार जुनी आहेत, आणि ती दोन जागी आहेत, एक सिनेमाच्या पडद्यामागं आणि एक उद्यमनगर ह्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या लेथवर.

आधी सिनेमाचं बघू. पिक्चर 1993 चा, आपल्याकडं 1994 ला हिंदीत डब होऊन आला आणि थिएटरं भरून वाहिली. त्याच्या मूळ कादंबरीत, म्हणजे मायकल क्रायटनच्या 1990 च्या पुस्तकात, पाहुण्यांना फिरवायला बॅटरीवर चालणाऱ्या टोयोटा लँड क्रूझर आहेत. पडद्यावर मात्र पार्कच्या स्टाफसाठी 1992 च्या जीप रँग्लर आल्या, वायजे मॉडेल, सहारा व्हर्जन, आणि पाहुण्यांसाठी हिरव्या-पिवळ्या फोर्ड एक्सप्लोरर. एक्सप्लोरर आपोआप पळतात असं दाखवायचं होतं म्हणून ड्रायव्हरला मागं डिकीत लपवून कॅमेऱ्यावर बघून गाडी चालवायला लावली होती. पण खरी मजा जीपची आहे. ती शोरूममधनं घेता येईल अशीच गाडी होती, तिला रंग, पट्टे, जादा लाइट, पुढं विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), नंबर आणि लोगो एवढंच केलं, आणि तेवढ्यावर ती जगात कुठंही ओळखू येणारी गाडी झाली. चासिस तीच, इंजिन तेच. म्हणूनच ही थीम सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

ह्याच्या आधीच्या सिनेमागाड्या अशा नव्हत्या. 1966 च्या टीव्ही मालिकेतली बॅटमोबाइल जॉर्ज बॅरिसनं लिंकन फ्युचुरा ह्या 1955 च्या एकुलत्या एक कॉन्सेप्ट गाडीवरनं बनवली, ती कुणी घरी कशी करणार? मॅड मॅक्सची वाट तर वेगळीच, तिथं गाडी कापायची, जोडायची, इंजिन बाहेर काढायचं, आणि 2015 च्या भागात नामिबियाच्या वाळवंटात अशा गाड्यांचा ताफाच पळवलाय. बघायला जबरदस्त, पण आपल्या रस्त्यावर ते चालणार नाही आणि चालू पण नये. आपल्याकडं 2004 ला टारझन ह्या हिंदी पिक्चरसाठी दिलीप छाब्रियांनी टोयोटा एमआर 2 वरनं गाडी केली, तीपण सामान्य गॅरेजच्या हाताबाहेरची.

आता जीप आपल्यापर्यंत कशी आली ते. अमेरिकन सैन्यानं 1940 मध्ये 135 कंपन्यांना विचारलं, हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी पाहिजे म्हणून, आणि बँटम कंपनीनं 49 दिवसांत पहिला नमुना उभा केला. पुढं मोठी ऑर्डर मात्र विलीज आणि फोर्डकडं गेली आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. 1947 पासनं महिंद्रानं विलीजच्या जीपा भारतात आणून जोडायला सुरुवात केली. त्याशिवाय सैन्याच्या लिलावातल्या डिस्पोजलच्या गाड्या होत्याच, आणि इथं एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, की मोटार वाहन नियमांच्या 121 व्या नियमाप्रमाणं ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. म्हणजे मिलिटरीची जीप घरी आणली की तिचा रंग बदलणं भागच. माझ्या मते जीपला स्वतःच्या मनासारखा रंग द्यायची सवय आपल्याकडं तिथनंच लागली.

सिनेमात पण जीप होतीच की. 1969 च्या आराधनामध्ये दार्जिलिंगच्या आगगाडीच्या बाजूनं पळणारी उघडी जीप आठवा, त्या एका गाण्यानं जीप म्हणजे पोलीस, फॉरेस्टवाले आणि बागायतदारांची गाडी हा समज मोडून तिला हौसेची गाडी केली. आमच्या भागात मात्र जीपचं मोठं काम होतं वडाप, म्हणजे भाडं घेऊन माणसं भरून न्यायची. गावोगावची माणसं, दुधाच्या किटल्या, बाजाराची पोती सगळं जीपमधनं यायचं, आणि एवढा भार ओढायला पेट्रोल इंजिन परवडत नव्हतं म्हणून जुन्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवायची कामं निघाली. महिंद्रानंसुद्धा तेच केलं, सीजे 500 डी मध्ये इंटरनॅशनलच्या बी 275 ट्रॅक्टरचं इंजिन होतं आणि नंतर एमएम 540 ला प्यूजोचं डिझेल. इंजिन बदलायचं म्हणजे माउंटिंग नवीन, बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाला) जोडपट्टी, कुठं बुश वळवायचा, कुठं ब्रॅकेट वेल्ड करायचं, आणि हे सगळं शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत होतं. फाउंड्री, लेथ, पत्र्याचं काम, स्प्रे पेंटिंग, सगळं चालत जायच्या अंतरावर. जीप मॉडिफाय करणं हा आपल्याकडं शौक व्हायच्या आधी पोटापाण्याचा धंदा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं मूळ म्हणजे पेंटरांचं. कोल्हापूरला कलापूर उगाच म्हणत नाहीत. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघं नाटकांचे पडदे रंगवणारे, त्यांनी सिनेमाच्या ध्यासापोटी स्वतः कॅमेरा करायला घेतला, आनंदराव 1916 मध्ये गेले तरी बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन तो पुरा केला आणि 1920 ला सैरंध्री पडद्यावर आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तो ह्याच कामगिरीचा. विचार करा, एकच माणूस पडदा पण रंगवतोय आणि यंत्र पण घडवतोय. पुढं 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली, पण रंगवणारे हात इथंच राहिले. जी. कांबळ्यांसारखा सिनेमाची पोस्टरं करणारा चित्रकार इथला, शिवाजी महाराजांचं सरकारमान्य चित्र त्यांचंच. पोस्टरांची कामं गेल्यावर हा हात दुकानांच्या पाट्यांवर, ट्रकवर आणि रिक्षांवर आला. कोल्हापूरची रिक्षा बघायला बाहेरची माणसं थांबतात, तिच्या सजावटीच्या स्पर्धा होतात. गाडी नटवून लोकांसमोर आणायची म्हटली तर छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार पण दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघते आणि तिला बघायला लोक वाट बघत उभे असतात. अशा गावात थीमची जीप निघाली तर नवल ते काय!

हे जवळनं बघायचं असेल तर एखाद्या पेंटरच्या शेडमध्ये दुपारी जाऊन बसा. जुनी एमएम 540 आली की पहिल्यांदा रंगाला हात लावत नाहीत, फुटबोर्ड आणि मागच्या मडगार्डचा कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा बसवतात, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पॉलिश पेपरनं पाणी टाकत घासतात, आणि उस्ताद डोळे मिटून तळहात फिरवून बघतो की कुठं खळगा राहिलाय का. मग प्रायमर, मग वाळूचा रंग, आणि तो पुरता वाळल्यावरच पट्टे. इथंच सगळ्यांची फसगत होते. रँग्लरचं बॉनेट आणि आपल्या जीपचं बॉनेट ह्यांचं माप एक नाही, त्यामुळं नेटवरचा फोटो मोजून पट्टे मारले की ते वाकडे दिसतात. चांगला पेंटर आधी खडूच्या दोऱ्यानं रेघ मारतो, दहा पावलं लांब जाऊन बघतो, मग मास्किंग टेप लावतो. वायजेचे हेडलाइट चौकोनी होते, आपल्या एमएम 540, जिप्सी, थारचे गोल, आणि ते गोलच ठेवावेत असं माझं ठाम मत आहे, चौकोनी बसवायच्या नादात पुढचा पत्रा कापून गाडीचं तोंडच बिघडतं.

कायद्याचं पण इथंच सांगतो, कारण त्यानं ह्या शौकाची दिशा बदलली. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमावर सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही, रंग बदलणं आणि किरकोळ फिटिंग चालेल. रंग बदलला की आरसीवर नोंद करून घ्यायची. त्याआधी डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, त्यामुळं पुढचा भला मोठा लोखंडी बंपर पण गेला. इंजिन बदलायचं, चासिस लांब करायची, छत कापायचं असले जुने प्रयोग हळूहळू मागं पडले आणि रंग, पट्टे, लोगो ह्यावर भागणाऱ्या थीम पुढं आल्या. ज्युरासिकची जीप आज एवढी दिसते त्यामागं हे पण मोठं कारण आहे.

2010 ला पहिली थार, 2020 च्या गांधी जयंतीला दुसरी आणि 2023 ला जिम्नी आल्यावर रंगाऐवजी व्हिनाइल रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायचा प्लॅस्टिकचा पातळ थर, आला. रॅप काढला की खाली मूळ रंग शाबूत, म्हणून नव्या गाडीला तो बरा, त्याबद्दल तक्रार नाही. पण मसाई पठारावर नाहीतर दाजीपूरकडं पावसाळ्यात तांबड्या चिखलातनं दोन-तीन चकरा झाल्या की दारांच्या कडेला आणि व्हील आर्चपाशी रॅप सुटायला लागतो, आत चिखल जातो आणि मग पट्ट्याची कड उचलते. तिथं हातानं मारलेला रंग टिकतो, खरचटला तरी त्याच पेंटरकडनं तेवढाच तुकडा भरून मिळतो. ज्यांची जुनी जीप आहे आणि खरोखर चिखलात घालायची आहे त्यांनी उद्यमनगरातला पेंटरच गाठावा, आणि गणपतीच्या आधी नको, तेव्हा सगळे मंडळांच्या कामात असतात.