मूळपेशी की पूर्वपेशी, ग्रोथ फॅक्टरमागचा घोळ

मेंदूतल्या मूळपेशी (स्टेम सेल) आणि पूर्वपेशी (प्रोजेनिटर) यांची नेहमी गल्लत होते, आणि तिचं मूळ ग्रोथ फॅक्टरमध्ये, म्हणजे पेशींना वाढायला आणि विभागायला लावणाऱ्या प्रोटीनमध्ये आहे. पण ग्रोथ फॅक्टरची सुरुवात मेंदूतल्या पूर्वपेशींपासून झालीच नाही. 1950 च्या दशकात उंदराच्या लाळग्रंथीच्या अर्कात मज्जातंतू वाढवणारं प्रोटीन सापडलं, आणि तोच अर्क नवजात पिल्लांना टोचला तर 12-14 दिवसांनी उघडणारे डोळे आठवड्यातच उघडले, ते काम वेगळ्याच प्रोटीनचं निघालं, तेच ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर). 1986 चं नोबेल या दोन शोधांना.

मेंदूसाठी खरी कलाटणी 1992 ची. कॅनडातल्या एका लॅबने प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी ईजीएफमध्ये ठेवल्या तर तरंगणारे गोळे तयार झाले, न्यूरोस्फिअर. गोळा फोडला की पुन्हा गोळे, आणि तळाला चिकटू दिलं की त्याच्यातूनच न्यूरॉन आणि ॲस्ट्रोसाइट (न्यूरॉनला आधार देणाऱ्या पेशी). मग काय, गोळा बनवते ती मूळपेशी असं जो तो लिहायला लागला, आणि घोळ इथंच झाला. मूळपेशी म्हणजे जी स्वतःसारखी पेशी दीर्घकाळ बनवत राहते, पूर्वपेशी म्हणजे जी थोडे दिवस विभागून नंतर न्यूरॉन किंवा ग्लिया (ॲस्ट्रोसाइटसारखी आधारपेशी) होऊन जाते. पण 2002 मध्ये दिसलं की ईजीएफ मिळालं की भराभर विभागणाऱ्या तात्पुरत्या पेशीसुद्धा गोळे बनवतात. म्हणजे फ्लास्कमधला गोळा बघून ती पेशी मेंदूत काय होती हे सांगता येत नाही, ग्रोथ फॅक्टर पेशीला नुसता जगवत नाही, तिचा स्वभावच बदलतो. म्हणून पक्का पुरावा नसेल तिथे पूर्वपेशीच लिहावं, असं मला ठामपणे वाटतं. आमच्या नागपुरात एमएस्सीच्या नोट्समध्ये दोन्हीला मूळपेशीच लिहिलेलं असतं आणि पोरं तेच पाठ करतात, याचं खरंच वाईट वाटतं.

मधल्या काळात, 2000-01 च्या सुमारास, नुसता आधाराचा खांब समजल्या जाणाऱ्या रेडियल ग्लियाच न्यूरॉनला जन्म देतात हेही कळलं. आणि गर्भात क्रम असतो, पूर्वपेशी आधी एफजीएफ-2 या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरला दाद देतात, ईजीएफला नंतर. एफजीएफ-2 चं जीन काढलेल्या उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) न्यूरॉन कमी भरतात.

आता हे गोळे इथल्या हवेत वाढवायचे तर वेगळीच कसरत. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड नाही करत, त्यामुळे मे महिन्यात एसी बंद पडून खोली 40 अंशांच्या वर गेली की आतलं, पेशींना लागणारं 37 अंश टिकतच नाही. सकाळी फ्लास्क उजेडात धरला की गुलाबी मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रव) पिवळं पडलेलं, आणि रव्याच्या बारीक कणीसारखे गोळे तळाशी बसलेले.