जुन्या कॅम्परचं इंजिन बदलण्याआधी

"घाट चढत नाही, इंजिनच बदलून टाका." आमच्या गॅरेजात गाडी घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य हेच असतं. गाडी बहुधा जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, शाळेच्या नाहीतर सहलीच्या धंद्यातून निघालेली. आत बेड, ओटा, पाण्याची टाकी बसवलेली असते आणि बजेट त्यातच संपलेलं असतं. इंजिन बदलणं आमचं रोजचं काम आहे. तरीही हे पत्रक वाचूनच गाडी आणा.

गेल्या पावसाळ्याआधी एक गिऱ्हाईक असंच आलं. करूळ घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर दम टाकायची. आम्ही डिझेलच्या लाइनमध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू ठेवलं. नळीतून बुडबुड्यांची माळच निघाली. टाकीजवळच्या रबरी पाइपला केसाएवढी चीर होती, तिथून हवा ओढली जात होती. पाइप, दोन क्लिपा, डिझेल फिल्टर बदलला आणि टाकी धुतली. इंजिनाला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या गगनबावड्याला जाऊन आला.

म्हणून आम्ही आधी तपासतो. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून ठेवल्यावर ते नाचतं का, हे तुम्ही घरीही बघू शकता. नाचत असेल आणि तिथून धुराचा झोत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या आतले लायनर झिजलेत, त्यांचं काम जवळ आलंय. त्यानंतर आम्ही चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजतो. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती, याकडे आमचं लक्ष असतं. तीन बारहून जास्त फरक असेल तर हेड उघडावं लागतं. डिझेल फवारणाऱ्या नोझलची आणि पंपाची तपासणी मात्र इंजिन उघडण्याच्या आधी. काळा धूर पुष्कळदा तिथूनच येतो.

जुन्या ट्रॅव्हलरमधलं इंजिन म्हणजे मर्सिडीजच्या रचनेचं ओ.एम. ६१६. चार सिलिंडर, २.४ लिटर, टर्बो नाही, ई.सी.यू. (इंजिन चालवणारा छोटा संगणक) नाही. मूळ गाडी मर्सिडीजची टी-१ व्हॅन, जर्मनीत १९७७ साली आलेली. बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ती १९८७मध्ये आपल्याकडे आणली. हेच इंजिन याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीतही बसलं, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि ते बांधणारे मिस्त्रीही मिळतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर बोअर मारायला, क्रँक घासायला गल्ली बदलावी लागत नाही. ब्लॉक शाबूत असेल तर आहे तेच इंजिन बांधून घ्या, हे आमचं सरळ मत.

ब्लॉकला तडा असेल तर याच घराण्यातलं दुसरं इंजिन शोधायचं. ट्रॅक्सचं मिळालं तर संप (खालचं ऑइलचं भांडं) आणि माउंटिंग आधी ताडून बघावं लागतं. भंगारातून घेताना पक्कं बिल हवं, आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही हवा. टॉर्च लावून ब्लॉकवरचा नंबर वाचा. तिथं घासल्याची खूण दिसली तर कितीही स्वस्त असो, ते इंजिन आम्ही बसवत नाही.

नव्या गाडीचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे ई.सी.यू.वर चालणारं डिझेल इंजिन, बसवा, असा आग्रह फार होतो. इंजिन मिळतं हो. पण ते बेल हाउसिंगला (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाला) जुळत नाही, मग लेथवर अ‍ॅडॉप्टर प्लेट, नवे ब्रॅकेट, प्रोपेलर शाफ्टची लांबी, मोठा रेडिएटर, आणि शेवटी वायरिंग. अशी एक गाडी दुसरीकडून आमच्याकडे ओढत आणली होती. इंजिन बसलेलं, पण ई.सी.यू.ची निम्मी वायरिंग कापलेली. ताडपत्रीखाली आठ महिने उभी राहिल्यावर आत उंदरांनी घर केलं होतं. मालकाने इंजिनाला दिले त्याहून जास्त पैसे बाकीच्या सामानात गेले होते. शिवाय वाढलेल्या ताकदीला ब्रेक जुनेच.

आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आर.सी.वर लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी मनाने करता येत नाही. म्हणून आम्ही मूळ बनावटीचं, त्याच इंधनाचं इंजिन धरूनच चालतो. आर.टी.ओ.ची परवानगी आधी, काम नंतर, आणि काम झाल्यापासून १४ दिवसांत आर.सी.सह कळवायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र लागेल. नवा इंजिन नंबर विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोंडचं पाणी पळेल. पंधरा वर्षं भरत आलेली असतील तर आधी फेरनोंदणीचं बघा. ती होणार नसेल तर इंजिनावर पैसे घालू नका.

आमची पद्धत साधी आहे. तपासणीचे ८०० रुपये. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा. इंजिन उघडल्यावर काय सापडलं त्याचे फोटो पाठवतो आणि तुमचा होकार आल्यावरच पुढचं सामान मागवतो. जुने भाग पोत्यात भरून परत देतो. येताना आर.सी., विमा, पी.यू.सी. आणि गाडीची शेवटची बिलं आणा. बेडखालचं सामान घरी काढून ठेवा. मागच्या वेळी एकाची अख्खी भांड्यांची पेटी आमच्याकडे राहिली, ती अजून इथंच आहे.