लेबलवरचा ‘सी’ आणि न छापलेला आकडा

परवा एक नवा लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचा, पॅक हातात आला. तीन सेलचा, २२०० मिलीअँपिअर-तासांचा, आणि वर सगळ्यात ठसठशीत अक्षरांत ‘१०० सी’. रिमोटवरची मॉडेल विमानं उडवायला नुकतीच सुरुवात केलेली मंडळी पॅक घेताना आधी हाच आकडा बघतात, म्हणून तो जरा तपासून पाहू. सी म्हणजे पॅक आपल्या क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकतो ते. २.२ अँपिअर-तासांच्या पॅकने १०० सी द्यायचे म्हणजे २२० अँपिअर वाहायला हवेत आणि पॅक ३६ सेकंदांत रिकामा व्हायला हवा. त्याच पॅकला जो पिवळा कनेक्टर जोडलाय त्याचं नाव एक्सटी-६०, आणि तो बनवलेला असतो ६० अँपिअरसाठी. छापलेला दावा पॅकला लोंबणारा कनेक्टरच खोडून काढतो.

बाकीचे दोन आकडे सोपे आहेत. सेल किती हवेत ते मोटर आणि तिचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरवर ठरतं. एका सेलचे सरासरी ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. क्षमता किती घ्यायची ते विमान किती वजन पेलतं त्यावर. २२०० पैकी ८० टक्केच वापरायचे, आणि सरासरी १२ अँपिअर लागत असतील तर पावणेनऊ मिनिटांचं उड्डाण मिळतं.

मला ज्याबद्दल बोलायचंय तो आकडा लेबलवर बहुधा नसतोच. तो म्हणजे सेलचा अंतर्गत रोध.

शाळेतल्या गणितांत बॅटरीला रोध नसतो असं आपण धरून चालायचो. प्रत्यक्षात सेलच्या पोटात तांब्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ फॉइलवर रसायनाचा लेप असतो, मध्ये सच्छिद्र पडदा आणि सगळीकडे भिनलेला इलेक्ट्रोलाइट. थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरचा वेग वाढवला, की लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांतून सुटतात, पडदा ओलांडतात आणि पलीकडच्या लेपात शिरतात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या वायरीतून मोटर फिरवत जातात. आयनांना लेपातल्या वेड्यावाकड्या छिद्रांतून वाट काढावी लागते. लेप जाड असला की वाट लांबते आणि रोध वाढतो. तो कमी करायचा तर लेप पातळ ठेवून थर वाढवायचे. पण मग फॉइल आणि पडदे जास्त लागतात आणि तेवढ्याच क्षमतेचा पॅक जड होतो. निसर्गाशी केलेला हा सौदा मला फार आवडतो, कारण तो वजनकाट्यावर दिसतो. क्षमता तीच, सी चढा आणि वजन मात्र इतरांपेक्षा कमी, असा पॅक दिसला की तो आकडा खरा धरू नये.

आता दोन पॅक घ्या. एकात प्रत्येक सेलचा रोध ५ मिलीओहम, दुसऱ्यात १५. तीन सेल मिळून झाले १५ आणि ४५. विमान चढतंय, करंट ३० अँपिअर. पहिल्यात ०.४५ व्होल्ट आतच खर्च होतात, दुसऱ्यात १.३५. उष्णता करंटच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते : पहिल्यात साडेतेरा वॅट, दुसऱ्यात चाळीस. चाळीस वॅट म्हणजे एक छोटं सोल्डरिंग आयर्न पॅकच्या आत पेटवून ठेवल्यासारखं. उड्डाणाच्या शेवटी, पॅक १०.८ व्होल्टवर आला असताना पुन्हा थ्रॉटल दिला तर पहिला सेलमागे ३.४५ व्होल्ट टिकवतो, दुसरा ३.१५ वर कोसळतो. स्पीड कंट्रोलर त्याच सुमाराला मोटर बंद करायला बसलेला असतो. पॅकमध्ये चार्ज उरलेला असूनही पंखा थांबतो तो असा.

थंडीत इलेक्ट्रोलाइट दाटतो, आयन रेंगाळतात आणि उत्तम पॅकही मरगळतो. उडवण्याआधी तो खिशात धरून कोमट केला तरी फरक जाणवतो.

‘नवी बॅटरी पहिल्यांदा रात्रभर चार्ज करा’, ‘अधूनमधून पूर्ण रिकामी करा’ हे सल्ले अजून ऐकू येतात. ते निकेल-कॅडमियमच्या जमान्यातले. ते रसायन कमी प्रतीचं नव्हतं. १९७३ साली ऑस्ट्रियात माणसाला घेऊन विजेवर उडालेलं विमान त्याच्याच जोरावर उडालं. पण लायपो वेगळा. सेल ३ व्होल्टच्या खाली ओढला की त्याचं आयुष्य घटतं, आणि रात्रभर नजरेआड चार्ज करणं तर धोक्याचंच. फुगलेल्या पॅकला टाचणी टोचून हवा काढणं म्हणजे आग ओढवून घेणं आहे.

निवडताना म्हणून मोटरचा कमाल करंट आधी मीटरने मोजावा आणि छापलेल्या सीच्या निम्म्यातच तो भागेल असा पॅक घ्यावा. अनेक बॅलन्स चार्जर, म्हणजे सगळे सेल सारख्या व्होल्टला आणणारे चार्जर, प्रत्येक सेलचा रोध दाखवतात. पॅक आणल्या दिवशीच, खोलीच्या तापमानाला, ते तीन आकडे मार्करने त्याच्यावर लिहून ठेवावेत आणि दर काही उड्डाणांनी तशाच तापमानाला पुन्हा मोजावेत. एका सेलचा आकडा शेजाऱ्यांच्या दुप्पट झाला की तो पॅक विमानातून काढायचा.