जस्ताच्या पत्र्यावरचे रंग

एकोणिसाव्या शतकात रंगीत छपाईचा सगळ्यात देखणा मार्ग शिळाछापाचा, म्हणजे सपाट दगडावर चित्र काढून त्यावरून छापण्याचा होता. अडचण एकच होती. दगड सपाट आणि मजकुराचे शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरे, उठावाची, त्यामुळे दोन्ही एका यंत्रावर एकदम चालत नसत. रंगीत चित्र वेगळ्या कागदावर छापून पुस्तकात शिवावे लागे. मजकुराच्या शेजारी, त्याच पानावर चित्र हवे तर तेही उठावाचेच लागे, आणि लाकडावर ते कोरून घेणे महागात पडे.

पॅरिसच्या फिर्में झिलोने 1850 मध्ये यावर उपाय काढला. चिकट शाईतले चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, त्यावर राळेची पूड टाकायची आणि पत्रा सौम्य नायट्रिक अॅसिडात सोडायचा. शाईखालचा भाग शाबूत राहतो, बाकीचा खाली जातो. पण अॅसिड खालीच नाही, बाजूनेही खाते, आणि बारीक रेघ पोखरली जाऊन तुटते. म्हणून थोडे खाल्ले की पत्रा बाहेर काढून धुवायचा आणि गरम करायचा, म्हणजे शाई-राळ वितळून रेघेच्या कडांवरून ओघळते. पुन्हा शाई, पुन्हा राळ, मग आधीपेक्षा तीव्र अॅसिड. खरी कसब या फेऱ्यांमध्ये होती. शेवटी पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा, की छपाईचा ठसा तयार.

त्याचा मुलगा शार्ल याने 1876 मध्ये याला फोटोग्राफीची जोड दिली आणि पुढे तो रंगांकडे वळला. प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा, आणि कुठला रंग कुठे किती हे ठरवणार माणसाचा डोळा. युजेन ग्रासेच्या चित्रांचे 1883 चे एमोंच्या चार पुत्रांच्या कथेचे पुस्तक या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. त्यात मजकूर चित्रातच, फिकट रंगांवर छापला आहे. राळेच्या दाण्यांमुळे येणारी ती रवाळ छटा नंतरच्या हाफटोनला, म्हणजे जाळीतून फोटो घेऊन छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फोडण्याच्या पद्धतीला, कधी साधली नाही, असे मला वाटते.

हाफटोनने मात्र वेग आणला. म्युनिकच्या माइझनबाखने 1882 मध्ये जाळीच्या ठशाचे पेटंट घेतले. 1890 च्या दशकात काचेची जाळी आणि रंगीत फिल्टर वापरून पिवळा, लाल, निळा असे तीनच ठसे पुरू लागले. त्यासाठी गुळगुळीत आर्ट पेपर लागे आणि ठसा केसभर सरकला तरी चित्र दुहेरी दिसे. पण डोळ्याने रंग वेगळे करणाऱ्या कारागिराची गरज संपली.

आपल्याकडे या विद्येशी जोडलेले सर्वांत ओळखीचे नाव दादासाहेब फाळके यांचे. सिनेमाकडे वळण्याआधी त्यांनी ठसे तयार करण्याचे काम शिकून छापखाना काढला होता आणि 1909 मध्ये त्यासाठी ते जर्मनीलाही गेले होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मजकूरही फोटोच्या फिल्मवर आणि तिथून ऑफसेटवर, म्हणजे सपाट पत्र्यावरून रबरामार्फत होणाऱ्या छपाईवर गेला. खिळेच गेल्यावर चित्र त्यांच्या उंचीला आणण्याचे कारण उरले नाही. तीनरंगी ठसे आधी बंद पडले. लग्नपत्रिकेवरचे एकरंगी गणपती मात्र ट्रेडल मशीनवर, म्हणजे खिळ्यांच्या छोट्या छपाई यंत्रावर, पुढेही बरीच वर्षे ठशांवरूनच छापले जात होते.