मृणाल गोरे
मृणाल गोरे (२४ जून १९२८ – १७ जुलै २०१२), म्हणजे मुंबईकरांच्या मृणालताई किंवा पाणीवाली बाई. समाजवादी पुढारी, गोरेगावच्या नगरसेविका, पुढे आमदार, खासदार. माहेरचं आडनाव मोहिले. मेडिकलला होत्या पण समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दल या संघटनेच्या नादात ते शिक्षण अर्धवट सोडलं आणि १९४८ मध्ये तिथलेच कार्यकर्ते केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न करून गोरेगावात राहायला आल्या. १९५८ ला बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी, तरी ताईंनी काम थांबवलं नाही.

गोरेगाव तेव्हा नुकतंच मुंबईत आलं होतं. पालिकेची हद्द १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, माणसं येत राहिली पण नळ काही त्या वेगानं आले नाहीत, आणि पाणी भरायचं काम बायकांच्याच डोक्यावर, त्यामुळे रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकाच ताईंच्या खऱ्या कार्यकर्त्या झाल्या. १९६१ ला त्या महापालिकेत निवडून गेल्या. हंडा मोर्चे, अधिकाऱ्यांना घेराव, सभागृहात प्रश्नांवर प्रश्न, पाणी येईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही हीच पद्धत. पाणीवाली बाई हे नाव तिथलं. माझ्या मते या नावानं त्यांचं थोडं नुकसानच केलं, बाकीचं काम लोकांच्या लक्षातच राहत नाही.

१९७२ च्या इलेक्शनला राज्यात काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा मारल्या, त्या लाटेतही ताई आमदार झाल्या. त्याच सुमाराला दुष्काळ, रेशनला धान्य नाही, तेल-रॉकेल गायब. मग महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली, त्यात कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, समाजवादी प्रमिला दंडवते अशा एरवी एकमेकींच्या पक्षांवर तुटून पडणाऱ्या बायका एकत्र आल्या. लाटणं हातात घेऊन मोर्चा, थाळ्या बडवणं, हे सगळं यांचं. लाटणं का, तर ते प्रत्येकीच्या घरात असतं, वेगळा झेंडा शिवायला नको! या मोर्च्यांना कोणी बायकांची गंमत म्हणत असेल तर त्यानं पुढचा हिशोब बघावा: रांगणेकर आणि गोरे १९७७ ला लोकसभेत गेल्या, दंडवते १९८० ला.

मध्ये आणीबाणी. ताई काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या, अकोल्याच्या जेलमध्येही होत्या. सुटल्यावर १९७७ ला जनता पक्षाकडून उत्तर मुंबईतून खासदार झाल्या आणि तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या, त्यावरून ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गाजली.

दिल्लीत त्या फार रमल्या असं वाटत नाही. १९८५ ला परत विधानसभेत आल्या, काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. १९८६ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी अशासकीय, म्हणजे सरकारनं नव्हे तर एका आमदारानं मांडलेलं, विधेयक आणलं. विरोधी आमदाराचं असं विधेयक सहसा पास होत नाही, पण बाहेर महिला संघटनांचा दबाव होताच आणि १९८८ ला महाराष्ट्रानं कायदा केला, केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं.

तरी सगळ्यात टिकाऊ काम घरांचं. १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानं शहरात जमीन बाळगण्यावर मर्यादा घातली, त्याप्रमाणे जादा जमीन सरकारनं घेऊन गरिबांच्या घरांना द्यायची होती, प्रत्यक्षात मालकांना सवलती मिळत गेल्या आणि बिल्डरांचं फावलं. ताई आणि बाबुराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद काढली, मोर्चे आणि कोर्ट दोन्ही चालू ठेवून दिंडोशीला जमीन मिळवली आणि तिथे ६ हजारांच्या आसपास घरांची वसाहत उभी राहिली, तीही नोकरदार कष्टकऱ्यांना परवडेल अशा भावात. एवढं होऊनही मतांचं गणित मात्र निसटलं, १९९० ला गोरेगावची सीट शिवसेनेच्या सुभाष देसाईंकडे गेली आणि समाजवाद्यांना तिथे पुन्हा पाय रोवता आला नाही. नंतरच्या काळात ताई दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनातही उतरल्या. वयाच्या ८४ व्या वर्षी वसईत त्यांचं निधन झालं. गोरेगाव पश्चिमेला केशव गोरे स्मारक ट्रस्टचं काम अजून चालू आहे, आणि राम मंदिर रोडकडच्या फ्लायओव्हरला ताईंचं नाव दिलंय.